भिंतीपलीकडील कचऱ्याचे मोजणीची हकीकत

॥ श्री ॥ दोन्ही पारडी ज्याचे हाती सारखी, त्या श्रीस नमन करून वाचणारांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, एका विद्यापीठाचे राज्यात राजधानीहून थैली आली. थैलीत मजकूर जे, प्रत्येक विद्यापीठाने आपले हद्दीत वर्षाकाठी कार्बनाचा धूर किती होतो आणि रोजचा कचरा किती निघतो याची मोजणी करून अहवाल सिद्ध ठेवावा, पौष मासी तपासणी समिती जातीने येईल आणि अहवाल पाहोन श्रेणी देईल. त्या समयी कुलगुरूंचे गादीवर जे महाराज होते त्यांचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. महाराजांनी थैली वाचिली, आणि शेजारचे विद्यापीठाने आपला धूर शून्य व कचरा शून्य ऐसे अगोदरच कळविले हे ऐकिले, मग मर्जी खट्टू जाहली, आणि कुलसचिव हिंदुराव नलवडे, जे राज्याचे दिवाण, यांस बोलावून हुकूम फर्माविला की आपले शून्याहून कमी होत असल्यास पाहावे. हिंदुराव मोठे मुत्सद्दी. शून्याहून कमी होत नाही ऐसे ते बोलिले नाहीत. मोजून पाहतो, ऐसे बोलिले.

मग मोजणीस माणूस पाहो लागले. पर्यावरण विभागाचे प्रमुख याच विषयावरील परिषदेसाठी विमानाने परमुलखी गेले होते. संख्याशास्त्राचे प्रमुखांचे डोळ्यांस पाणी येत होते. पदार्थविज्ञानवाल्यांनी, वस्तू मोजू जाता वस्तूच बदलते ऐसे शास्त्र आहे, म्हणोन हात वर केले. शेवटी रसायन विभागाचे प्रयोगशाळेतील सहायक शैलजाबाई खरमाटे यांजवर नेमणूक आली. शैलजाबाई वयाने अठ्ठेचाळीस, बोलण्यात मोजक्या, आणि बावीस वर्षे काचेचे पेटीतील काट्यावर क्षार तोलीत आलेल्या, त्यामुळे कोणतीही वस्तू तोलताना क्षणभर श्वास धरण्याची त्यांस सवय जडली होती. त्यांस कोणी पुसले नाही; हुकुमाचा कागद टेबलावर आणोन ठेविला. परंतु बाईंस मनातून संतोष जाहला, कारण बावीस वर्षे जे जे तोलिले त्याचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असे, आणि हे पहिलेच वजन की जे कोणासच ठाऊक नव्हते.

बाईंनी अगोदर धुरास हात घातला. जनरेटर किती डिझेल पितो, बसगाड्या किती पितात, अधिकाऱ्यांच्या मोटारी दारात उभ्या राहोन गारवा ठेवण्यासाठी किती पितात, वसतिगृहांचे खानावळीत गॅस किती जळतो, वीज किती, आणि महाराज व विभागप्रमुख विमानांतून किती हिंडले, ऐसा सर्व तपशील त्यांनी पंधरा दिवस दारोदार फिरोन जमविला आणि दिवाणांपुढे मांडिला. हिंदुरावांनी कागद पाहिला आणि बोट ठेविले, की एक लिटर डिझेल तोलिले तर साडेआठशे ग्रॅमही भरत नाही, आणि येथे त्याचा वायू दोन किलो सातशे ग्रॅम लिहिला आहे, तर हे अधिक वजन कोठून आले. बाईंनी शांतपणे समजाविले की डिझेल जळताना हवेतील प्राणवायू घेते, ते वजन त्यात मिळते. हिंदुरावांनी बराच विचार केला आणि मग फर्माविले की हवा तर आमची नव्हे, सबब तिचे वजन वजा करावे. बाईंनी वजा केले नाही. हिंदुरावांनीही तूर्त रेटले नाही, कारण धूर डोळ्यांस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा आकडा ते फार भीत नसत.

कचरा मात्र दिसतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, इंदुवार, त्या दिवशी बाईंनी भांडारातील मोठा वजनकाटा काढवोन उकिरड्यापाशी मांडिला. साफसफाईच्या बायांच्या मुकादम हौसाबाई लोंढे आणि त्यांच्या हाताखालील अकरा बाया सर्व विभागांचा व वसतिगृहांचा कचरा गाड्यांवर घालून आणीत, आणि बाई एकेक गोणी चढवोन, श्वास धरोन, आकडा लिहीत. खरकटे अन्न, कागद, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल आणि सत्काराचे हारतुरे. बुधवारी वातावरणबदलावर व्याख्यान होते, त्या एका दिवशी हारतुरेच एकोणतीस किलो भरले. सप्ताह पुरा होता रोजची सरासरी अकराशे चाळीस किलो निघाली. हिंदुरावांनी आकडा ऐकिला आणि पाणी मागविले. मग त्यांनी युक्ती काढिली की विभागाविभागांत स्पर्धा लावावी, ज्याचा कचरा सर्वांत कमी त्यास महाराजांचे हस्ते फिरती ढाल द्यावी. हुकूम सुटला आणि विद्यापीठात एकच धावपळ जाहली.

रसायन विभागाचे प्रमुख अच्युतराव देवस्थळी, हेच बाईंचे गुरू. बाईंस नोकरीत त्यांनीच घेतले, आणि नवरा वारला त्या वर्षी रजेचा प्रत्येक कागद त्यांनी जातीने फिरविला, हे बाई विसरल्या नव्हत्या. अच्युतरावांनी स्पर्धेच्या आदले दिवशी बाईंस सांगितले की कपाटातील मुदत संपलेल्या बाटल्या काढून शिपायाकडे द्याव्यात, व्यवस्था जाहली आहे. कसली व्यवस्था, हे बाईंनी पुसले नाही. सदतीस बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळोन, दोन खोक्यांत भरोन, शिपायाच्या हाती दिल्या आणि आपल्या मोजणीस लागल्या.

दुसरे सप्ताही कचरा घटला. रोजचा तीनशे दहा किलोवर आला, आणि रसायन विभागाचा तर सहा दिवसांत मिळोन चार किलो. महाराजांची मर्जी बहुत प्रसन्न जाहली, पेढे वाटिले, आणि ढाल अच्युतरावांस मिळाली. परंतु शैलजाबाईंस झोप गोड लागेना. बावीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की पाहिली होती की वजन नाहीसे होत नाही, काट्यावर नसले तर दुसरीकडे असते. आणि खानावळीत जेवणारे तितकेच होते, छापखान्यात कागदही तितकाच येत होता. त्यांनी हौसाबाईंस पुसले. हौसाबाईंनी खराट्याच्या काड्या सारख्या केल्या आणि त्या म्हणाल्या, "बाई, काटा हितंच राहू द्या. तुम्ही जरा माज्यासंगं मागल्या भिंतीपतुर चला."

मागील भिंत पुरुषभर उंच. तिच्यापलीकडे खडकओहळ नामे तीस उंबऱ्यांची वाडी, आणि मध्ये एक ओढा. दोघी भिंतीच्या पडक्या अंगाने उतरल्या आणि बाईंनी पाहिले तो ओढ्याचे काठी विद्यापीठाचा कचरा कमरेइतका साचला होता. वरचे बाजूस खरकटे, त्याखाली उत्तरपत्रिका, त्याखाली बाटल्या, आणि माशांचा घोंगाट ऐसा की बोलणे ऐकू येईना. तेथे वाडीच्या धुरपदाबाई काकडे पाण्यातून प्लास्टिक काठीने ओढीत होत्या. त्यांनी बाईंच्या गळ्यातील ओळखपत्र पाहिले, परंतु रागे भरल्या नाहीत. म्हणाल्या, "आज कुणाचा वार हाय? सोमवारी कागूद येतो, मंगळवारी खानावळीचं. मोजून टाकत्यात. शास्त्रवाल्यांचं एकदाच आलं, पर ते लई वाईट आलं." आणि मग सांगितले की त्या खेपेनंतर ओढा दोन दिवस जांभळा वाहिला, शेरडे पाण्यास तोंड लावीनात, आणि सून मनीषा धुणे धुवावयास गेली, तिने फुटकी बाटली बाजूस सारिली, तो कोपरापर्यंत हात भाजिला. बाईंनी पाहो जाता खडकात अडकलेली एक बाटली दिसली. तिच्यावर कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत 'सल्फ्युरिक आम्ल, सांभाळून'. अक्षर बाईंचेच होते. त्या तेथेच दगडावर बसल्या. हौसाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातात धरिली, प्याल्या नाहीत.

मग बाईंनी मनीषेस विद्यापीठाचे दवाखान्यात नेले आणि पट्टी होईतो बाकावर बसोन राहिल्या, आणि दुसरे दिवशी वजनकाटा गाड्यावर घालून भिंतीपलीकडे नेला. हौसाबाईंच्या अकरा बाया आणि वाडीच्या सात, ऐशा अठराजणींनी चार दिवस ओढ्यातील कचरा काढिला आणि तोलिला. भागाकार करता रोजचा आठशे सव्वीस किलो पडला. आत तीनशे दहा, बाहेर आठशे सव्वीस, मिळोन अकराशे छत्तीस. पहिल्या सप्ताहाहून चार किलो कमी, तेवढीच काय ती स्पर्धेची कमाई. बाईंनी तैसेच लिहिले, आणि खाली लिहिले की सदतीस बाटल्या रसायन विभागाच्या, पैकी नऊ फुटलेल्या.

हे हिंदुरावांस कळो आले. त्यांनी बाईंस बोलावोन गोड शब्दांत समजाविले की भिंत ही राज्याची हद्द, हद्दीबाहेरचा कचरा परराज्याचा, आपण परराज्याची मोजणी करणे हे मर्यादेस धरून नव्हे. आणि हेही सुचविले की चाळीस कोसांवरील उपकेंद्रात सहायकाची जागा रिकामी आहे. संध्याकाळी अच्युतराव प्रयोगशाळेत आले आणि खुर्ची न घेता उभेच राहिले.

"शैलजा, बाटल्या आपल्या होत्या हे लिहायलाच हवं का? 'अन्य स्रोत' असं लिहिता येतं," ऐसे ते म्हणाले.

"चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, सर. अन्य कोण म्हणू?"

"मला शिपायाने सांगितलं, भंगारवाला नेतो. मी खरंच तसं समजलो."

"मीही काही विचारलं नाही. तेही लिहिणार आहे."

अच्युतरावांनी काचेच्या पेटीचे उघडे दार लावून घेतले. मग त्यांनी पुसले, "त्या मुलीचा हात कसा आहे?" बाईंनी सांगितले की फोड फुटले आहेत, दोन बोटे मिटत नाहीत. ते ऐकोन अच्युतराव निघोन गेले. बाईंस त्या क्षणी फार वाईट वाटले. इतके वाईट दिवाणांचे बोलण्याने वाटले नव्हते.

पौष मासी समिती आली. तिघे जण. महाराज खासा सामोरे गेले, शालश्रीफळ जाहले, पडद्यावर हिरवीगार चित्रे दाखविली, आणि मग मोजणीचे वाचन आले. हिंदुरावांनी बाईंच्या हाती जो कागद दिला त्यावर तीनशे दहा इतकेच होते. बाईंनी तो घडी करून बाजूस ठेविला आणि आपली वही उघडिली. त्यांचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळे सभागृह आपोआप गप्प जाहले. त्यांनी अगोदर धूर वाचिला, हवेचे वजन न वजा करता, आणि मग कचरा वाचिला: "भिंतीच्या आत रोज तीनशे दहा किलो. भिंतीच्या बाहेर, आमचाच, आठशे सव्वीस. रसायनांच्या सदतीस बाटल्या. त्या मी स्वतः बाहेर दिल्या, कुठे जातात हे न विचारता. एका बाईचा हात भाजला आहे."

समितीचे प्रमुखांनी चष्मा काढिला आणि पुसले की हद्दीबाहेरचा कचरा कशासाठी मोजला. बाई म्हणाल्या, "बाहेर आम्हीच टाकला म्हणून." तेव्हा सभागृहात मागील रांगेतून अच्युतराव उभे राहिले आणि म्हणाले की बाटल्या काढण्याचा हुकूम माझा होता, तो माझ्या नावे लिहावा. इतके बोलोन ते बसले. महाराजांनी पंख्याकडे पाहिले. समितीचे तिघे कुजबुजले, छापील नमुना उलटसुलट केला, आणि त्यात भिंतीबाहेरचा रकाना नाही ऐसे आढळल्यावर सर्व मजकूर 'शेरा' या सदरात बारीक अक्षरांत घेतला.

पुढे निकाल आला. इतर बारा विद्यापीठांचा कचरा शून्य, या एकाचा अकराशे छत्तीस. सबब श्रेणी एक पायरी खाली उतरली. महाराजांचा क्रोध जाहला. बाईंस उपकेंद्रात धाडिले नाही, कारण समितीने शेऱ्यात त्यांचे नाव घातले होते आणि ते नाहीसे जाहले तर पुसले जाईल ऐसे हिंदुरावांनी महाराजांस समजाविले. त्याऐवजी प्रयोगशाळेतून काढून 'कचरा व धूर दफ्तर' या नव्या मनसबीवर नेमिले आणि उकिरड्यालगत पत्र्याची खोली दिली. पहिले काही आठवडे बाईंचा हात सवयीने काचेच्या पेटीचे दार चाचपी, आणि तेथे दार नसे. हौसाबाई दुपारी त्या खोलीत भाकरी खावयास येऊ लागल्या, मग इतर बायाही. अच्युतराव निवृत्तीपूर्वी पंधरा दिवस रबरी हातमोजे घालून, सोडा घेऊन ओढ्याचे काठी बसत आणि उरलेल्या बाटल्यांतील आम्ल एकेक करून निववीत. धुरपदाबाई त्यांस लांबूनच चहा ठेवीत, बोलत नसत. शेवटचे दिवशी मनीषेने येऊन सांगितले की दोहोंपैकी एक बोट आता मिटते. अच्युतरावांनी मान हलविली आणि हातमोजे धुतले. वाडीकडे येण्याजाण्यास भिंतीस दरवाजा पाडिला, त्याचे उद्घाटन महाराजांनी नारळ फोडून केले, आणि त्याच्या करवंट्या बाईंनी तोलिल्या.

एणेप्रमाणे मोजणीची हकीकत. सारांश, पुढील वर्षी त्या विद्यापीठाचा कचरा नऊशे बारा किलो भरला, तो तैसाच कळविला, आणि शेजाऱ्यांचे शून्य कायम राहिले. ओढ्याचे पाणी चैत्रापर्यंत निवळले, शेरडे पिऊ लागली. हे अहवालात लिहावे ऐसे शैलजाबाईंच्या मनात होते, परंतु नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता. सबब येथे लिहिले.