दाराची प्रमुख भूमिका

सगळ्याची सुरुवात एका खुर्चीपासून झाली. भाचीने खुर्ची मागितली आणि मामा म्हणाले, "ने की." हे दोन शब्द माणसाने जपून वापरावेत हे त्यांना नंतर कळलं. (नंतर म्हणजे घराला दार उरलं नाही तेव्हा.)

मामा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. खरं तर ते त्या एकट्या भाचीचेच मामा. पण सगळी बिल्डिंग, ऑफिसातला शिपाई, इतकंच काय खुद्द साहेबही त्यांना मामाच म्हणत, आणि ओघानेच त्यांच्या बायकोला मामी. भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. जगातला अन्याय परीक्षा सुरू व्हायच्या आत संपवून टाकायचा, अशी तिची एकूण घाई होती. सध्या तिने निवारा केंद्र हातात घेतलं होतं. घर नसलेल्या बायका तिथे राहत. एकच लांबलचक हॉल, ओळीने खाटा, आणि दोन खाटांच्या मध्ये हवा. त्या हॉलमध्ये छोट्या छोट्या खोल्या पाडायच्या होत्या. त्याचे पैसे जमवायला भाचीने नाटक बसवलं होतं, आणि त्यात काम करणाऱ्या सगळ्या निवाऱ्यातल्याच बायका होत्या. फक्त एक पुरुष पात्र कमी पडत होतं. ते मामांना मिळालं.

भूमिका: दार वाजवणारा माणूस. वाक्य: "कुणी आहे का घरात?"

मामी बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे मामांना तालमीला घर मोकळंच होतं. दात घासताना, भात लावताना, इस्त्री करताना ते घराला विचारत, "कुणी आहे का घरात?" घरात कुणी नव्हतंच. हळूहळू सामानही राहीनासं झालं. खुर्चीपाठोपाठ टेबल गेलं, टेबलाला शोभेल असा दिवा गेला, दिव्याला शोभेल अशी खाट गेली. मग एका सकाळी भाची दारातच उभी राहिली आणि दारालाच न्याहाळू लागली.

"मामा, हे लागेल."

"काय?"

"दार."

मामांना वाटलं, दाराजवळचं काहीतरी. त्यांनी पायपुसणं उचलून दिलं.

"पायपुसणं नाही हो. दार! चौकटीसकट!"

"अगं, नाटकात पुठ्ठ्याचं करतात ना?"

"पुठ्ठ्याचं?" भाचीचा आवाज चढला. "ज्यांना जन्मभर दार मिळालं नाही, त्यांच्या नाटकातसुद्धा दार खोटंच? सांगा ना मामा, तुमचं मन काय म्हणतं?"

मामांचं मन म्हणत होतं, मामीला विचार. पण ते उघडपणे म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

"बरं, आणि भिंती?"

"भिंती परवडत नाहीत. भिंती लोक मनाने उभ्या करतील."

"मग दारही मनानेच—"

"मामा!"

मामांनी हिशेब मांडला. नाटक रविवारी संध्याकाळी. मामींची गाडी रात्री. मधल्या वेळात सुतार दार परत बसवून देईल. मामींना कळणारही नाही. (मामांचे सगळे बेत मामींना कळणार नाही या पायावर उभे असत. म्हणूनच ते पडत.)

त्या दाराबद्दल थोडं सांगायला हवं. त्याची कडी अडकायची. आतून लावताना आणि उघडताना दार किंचित वर उचलायचं आणि खांद्याने ढकलायचं, मगच ती सरकायची. ही युक्ती मामींना साधली होती. मामांना अजून साधली नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मामी म्हणाल्या होत्या, "कडीचं जरा बघा की." मामा म्हणाले होते, "रविवारी बघतो." त्यानंतर बरेच रविवार आले.

सुताराने दार उतरवलं तेव्हा तोही म्हणाला, "मामा, या कडीचं काहीतरी करा."

"रविवारी बघतो," मामा सवयीने म्हणाले.

उघड्या घरावर नजर ठेवायला शेजारच्या काकू विणकाम घेऊन उंबऱ्यावर बसल्या. मामींचं घर आतपर्यंत बघायची त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा होती. ती अशी समाजसेवेतून पूर्ण झाली.

तालमीत दार रंगमंचाच्या मधोमध उभं केलं गेलं. दोन्ही बाजूंना काहीच नाही. डावीकडे रस्ता समजायचा, उजवीकडे खोली समजायची. खोलीत मामांचीच खाट, मामांचाच दिवा. मुख्य काम मावशींचं होतं. मावशी निवाऱ्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. लोकांच्या घरी आजारी माणसांची सेवा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या फार बोलत नसत. एकदा चहा पिताना मामांना एवढंच म्हणाल्या, "दार उघडायची सवय आहे मला. बेल वाजली की हातातलं टाकून धावायचं. मध्यरात्री असो, ताप असो." मग कपात बघत म्हणाल्या, "लावायची सवय मात्र नाही. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला कडी लावतोय!"

कडीची युक्ती मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी उचलली. मामा बघतच राहिले.

नाटकाचा शेवट साधा होता. मावशींना घर मिळतं. त्या आत येतात, कडी लावतात, खाटेवर बसतात. मामा येऊन दार वाजवतात, आपलं वाक्य म्हणतात. मावशी दार उघडतात. सगळ्याजणी आत येऊन गाणं म्हणतात. पडदा.

रविवारी नाट्यगृह भरलं. मामांनी विंगेतून डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेत साहेब, मागे अर्धं खातं. मग अंधार झाला आणि एकच झोत दारावर पडला.

मामा विंगेतून आणखी पुढे वाकले. हे आपलं दार? ज्याच्या कोपऱ्यावर आपण चप्पल झटकतो ते? ज्याला आपण भाजीच्या पिशव्या लटकवतो, वैतागलो की लाथ मारतो ते? त्या अंधारात ते एकटं उभं होतं, आणि त्याच्या लाकडातल्या रेषा नदीसारख्या वाहत होत्या. इतक्या वर्षांत मामांनी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. पितळी मूठ चमकत होती. पाटीसुद्धा चमकत होती. (ती काढायची राहिली होती. प्रेक्षकांतून कुणीतरी मामांचं नाव मोठ्याने वाचलं.)

मावशी आल्या. दाराला हात लावून क्षणभर थांबल्या. आत गेल्या, दार लावलं, किंचित उचललं, ढकललं. खट्! तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी पाय वर घेतले.

मामांची वेळ झाली. ते रस्त्यावर आले, दार वाजवलं आणि म्हणाले, "कुणी घरात आहे का कुणी?" वाक्य चुकलं होतं, पण अर्थ पोचला होता.

मावशी उठल्या नाहीत.

मामांनी पुन्हा वाजवलं. मावशींनी दाराकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा दाराकडे. उठायची काही खूण दिसेना.

"कडी अडकली!" मामांना वाटलं. विंगेतून भाची दबक्या आवाजात ओरडत होती, "मामा, काहीतरी करा!" मामांनी केलं. ते दाराच्या बाजूने वळून सरळ खोलीत जायला निघाले.

"अहो, भिंत आहे तिथे!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

मामा दचकले आणि चक्क कपाळ चोळत मागे सरले. सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. आणि मग ते हसू कुठेतरी विरून गेलं. कारण सगळ्यांनाच ती भिंत दिसली होती. मामांनाही. दोन पावलं टाकली असती तर ते आत गेले असते. पण ती दोन पावलं टाकायची आता कुणाच्याच बापाची हिंमत नव्हती. एवढी माणसं एका नसलेल्या भिंतीकडे बघत गप्प बसली होती. आत एक बाई पाय वर घेऊन आपल्या खोलीत बसली होती. बस्स. तेवढंच. खोकायलासुद्धा कुणी धजत नव्हतं.

नेमक्या त्या शांततेत मामी आल्या.

त्या लवकरच्या गाडीने आल्या होत्या. घरी पोचल्या तर घराला दार नाही, दाराच्या जागी काकू. "तुमचं दार नाटकात काम करतंय," काकू विणता विणता म्हणाल्या, "आणि मामाही." मामी तशाच प्रवासी बॅग घेऊन निघाल्या. खुर्च्यांमधल्या वाटेने त्या चालत आल्या तेव्हा मामांना त्यांचे डोळे दिसले, आणि पृथ्वी दुभंगली तर बरं, असं त्यांना वाटलं. रंगमंच लाकडी होता. तो दुभंगला नाही.

मामी पायऱ्या चढून रस्त्यावर आल्या. दारासमोर उभ्या राहिल्या. पाटी वाचली.

"अहो, हे काय चाललंय?"

"कडी अडकली गं," मामा पुटपुटले. "तुलाच येते ती. जरा बाहेरून उचलून धर ना, त्या आतून सरकवतील."

मामींनी खांदा लावायला दार धरलं. पण ढकललं नाही. फटीला तोंड लावून हळूच विचारलं, "बाई, कडी अडकलीय का?"

आतून आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"नाही. मीच उघडत नाहीये."

मामींनी खांदा मागे घेतला, दारावरचा हात अलगद सोडला. मामांनी त्यांना इतक्या वर्षांत रागावताना पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं. पण अशी माघार घेताना कधीच पाहिलं नव्हतं.

"बरं," मामी म्हणाल्या. "बसा तुम्ही. मला घाई नाही."

आणि त्या बॅग आडवी टाकून रस्त्यावरच बसल्या. दाराच्या एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भाची विंगेत तोंडावर हात घेऊन उभी होती. जगाला घाई करणारी पोर ती; तिने पडदेवाल्याचा दोरीवरचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग मावशी उठल्या. केस सारखे केले. दार उचललं, ढकललं. खट्!

"या," त्या मामींना म्हणाल्या. "आत या. बसा. पाणी देऊ?"

खोलीत पाणी नव्हतं. टेबलावर रिकामा पेला होता. मावशींनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. मामींनी घेतला आणि थेंब न सांडता शेवटपर्यंत प्यायला.  साहेब चष्मा पुसत होते. 'या' हा एवढासा शब्द म्हणायला माणसाकडे आधी काय काय असावं लागतं, हे मामांना पहिल्यांदाच उमगत होतं.

ते भारावून दाराकडे सरकले.

मावशींनी मामींना विचारलं, "हे कोण?"

मामींनी मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणास ठाऊक. घरची दारं काढून नेतात म्हणे."

खट्!

पडदा पडला तेव्हा मामा रस्त्यावर होते. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. लोक आधी उभे राहिले, आणि मग ज्या वाजल्या त्या थांबेचनात.

त्या रात्री दार परत आलं नाही. सुतार टेम्पो घेऊन आला, तेव्हा मामीच म्हणाल्या, "राहू दे. निवाऱ्यात पहिली खोली पाडाल ना, तिला लावा. पाटी तेवढी काढा." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "आपल्याला नवीन करून घेऊ. तोपर्यंत तुम्ही आहात."

नवीन दार तयार होईपर्यंत मामा रजा टाकून उंबऱ्यावर बसले. (काकूंनी राजीनामा दिला होता, त्यांचं सगळं बघून झालं होतं.) येणारा-जाणारा विचारायचा, "मामी आहेत का?" आणि आतून मामी ओरडायच्या, "दाराला म्हणावं, बाजूला हो!"

पुढे खोल्या झाल्या. मावशींनी दोघांना बोलावलं. हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली, खरोखरच्या भिंती, आणि त्यात ते दार. मामांनी घसा साफ केला, वाजवलं आणि एकही चूक न करता म्हणाले, "कुणी आहे का घरात?"

"आहे की!" आतून आवाज आला. "थांबा. येते सावकाश."

खट्! "या," मावशी म्हणाल्या. या वेळी दोघांनाही. पेल्यात पाणीही होतं.

जरा वेळाने मावशी म्हणाल्या, "एक विचारू? या कडीला इतकी वर्षं कुणी हात नाही लावला? घरात बघणारं कुणी नव्हतं?"

"होतं की," मामी शांतपणे पाणी पीत म्हणाल्या. "रविवारी बघणार होते."

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नेमका रविवार होता. मावशींनी खाटेखालून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांच्या हातात ठेवला.

मामा घामाघूम झाले, पण हटले नाहीत. स्क्रू सैल केले, कडी जराशी वर घेतली, पुन्हा आवळले. पाव इंचाने अडलेलं होतं सगळं! "बघा आता," ते म्हणाले आणि दार बाहेरून नीट मिटतं का ते बघायला बाहेर जाऊन उभे राहिले.

आतून कडी लागली. न उचलता, न ढकलता, लोण्यातून सुरी फिरावी तशी. मामांची छाती अभिमानाने भरून आली.

आत दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. थोड्या वेळाने मामांनी दार वाजवलं. मग पुन्हा एकदा वाजवलं. मग ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.