टिश्यूच्या पुड्यांचा वर्ग

ऑनलाइन वर्गात शिक्षक धरून पंचवीसपेक्षा अधिक माणसे नसावीत, हे कलम सौमित्र आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षे झगडून आपल्या करारात घालून घेतले. गेल्या सत्रात त्याने तीनशे दहा जणांना संख्याशास्त्र शिकवले होते आणि एकाचेही नाव त्याच्या तोंडी बसले नव्हते. आता तो प्रत्येकाला नावाने हाक मारणार होता.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला असलेल्या त्याच्या महाविद्यालयाने कलम शिरसावंद्य मानले. प्रवेश याही सत्रात तीनशे दहा जणांना दिला. वर्गात मात्र आधी येतील ते चोवीस. उरलेल्यांसाठी प्रतीक्षाकक्ष.

विद्यार्थी सिंगापूरचेच. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या सार्वजनिक मंडपात, टेबलावर टिश्यूची पुडी ठेवून जागा धरायची आणि निर्धास्त रांगेत जायचे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. ते पहाटेच लॉगिन करून आपापल्या कामाला निघून जात. आत चोवीस नावे, चोवीस काळे चौकोन.

"कुणी आहे का?" सौमित्र विचारी. पुंगोलच्या त्याच्या फ्लॅटमधला पंखा तेवढा कुरकुरे.

एके दिवशी प्रतीक्षाकक्षातून जुरोंग ईस्टच्या नंदाताईंचा निरोप आला. पन्नाशीत पुन्हा शिकायला बसलेली बाई. "सर, मी आहे हो! सहा आठवडे दारातच आहे. आज रांगेत पहिली आहे. आजही हजेरी लागली नाही, तर नाव कमी करतील."

सौमित्रने करार-अधिकारी निशिकांत यांना फोन लावला.

"एकच बाई आहेत, सर. घेऊ का आत?"

"सव्विसावं माणूस? करारभंग होईल. कलम तुमचंच आहे, सौमित्र."

"मग जे नाहीत त्यांना काढतो."

"नाहीत कसे? नाव दिसतंय ना? तुम्ही कधी कुणाची पुडी उचलून त्या टेबलावर बसलायत?"

सौमित्र बसला नव्हता. उभ्याने जेवला होता.

त्याने यादीवरून बोट फिरवले. चोवीसही नावे आता तोंडपाठ होती. माणूस एकही ठाऊक नव्हता. बोट कुठेच टेकेना. ज्याला काढल्याने कुणाचे मन दुखावणार नाही, असे शेवटी एकच नाव उरले. त्याने स्वतःला काढले.

जागा रिकामी होताच नंदाताई आपोआप आत गेल्या. "आले बरं का, सर! करा सुरू." काळे चौकोन सभ्यपणे गप्प राहिले.

हजेरी लागली. पंचवीसपैकी पंचवीस. निशिकांतांनी तो तास आदर्श म्हणून नोंदवला.

वाचकांनी हसण्यापूर्वी खिसा चाचपावा. एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला आपला रुमाल अजून कुठल्यातरी आसनावर पडलेला असेल. आणि त्याचा मान राखून कुणीतरी उभे असेल.