चौऱ्याऐंशी लाख बावन्न हजार तीनशे त्र्याण्णव

आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना कुणाचाही मोबाइल नंबर आधी भागून बघतात, मग सेव्ह करतात. माझा नंबर ऐकून म्हणाले, "सातानं जातो, ताई. चांगला आहे." जळगावात माझं औषधांचं दुकान आहे, चांगला म्हणजे काय, हे विचारायला मला वेळ नव्हता.

मोठा आकडा दिसला की नाना थांबतात. रेल्वे फाटकात मालगाडीच्या डब्यांवरचे नंबर ओठांत पुटपुटतात. गाडी जाते, फाटक उघडतं, मागचे हॉर्न वाजवतात, आणि नाना स्कूटरवर बसून आभाळाकडे बघतायत. एकदा मेथी आणायला गेले ते दोन तासांनी रिकामी पिशवी घेऊन आले. "ताई, अकरानं गेला!" चेहऱ्यावर असं सुख, की मला हसताही येईना.

पण खरा जीव एकाच आकड्यात. ८४५२३९३. त्यांच्या आईच्या शिवणमशीनचा नंबर. आई गेल्यावर मशीन थोरल्या बहिणीने, अक्कांनी, धुळ्याला नेलं आणि आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. मग एका रविवारी नानांनीच फोन केला, घरच्या अहिराणीत. "अक्का, आपल्या मशीनचा नंबर मूळ संख्या शे का वं?"

मूळ, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच निःशेष भाग न जाणारी. खात्री करायची तर दोनापासून २९०३ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं. वहीत, हातानं. दर रविवारी चार वाजता एक भागाकार. एक रविवार नानांचा, एक अक्कांचा. सव्वातीन वर्षं हे चाललंय.

मी म्हटलं, "मोबाइल एका सेकंदात सांगेल."

"एवढी घाई कुणाला आहे, ताई?"

परवाच्या रविवारी मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेले. बाहेर ऊन, आत कूलरची घरघर, नाना फोनवर. "नही जास, अक्का. एक उरना."

समोर वही उघडी होती. १००९ नं भागलं होतं. भागाकार ८३७७. बाकी शून्य.

"नाना, इथे तर शून्य आहे. भाग गेला."

त्यांनी फोन हातानं झाकला. "अजून दोनशे एक्कावन्न रविवार आहेत, ताई. असू द्या."

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "कोण शे तठे? त्यासले फोन दे."

नाना फोन माझ्या हातात देऊन कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.

"बाई, तुम्ही देखं का? खरंच एक उरना?"

दुकानात मी गोळ्या मोजून देते. एक जास्त नाही, एक कमी नाही.

"हो अक्का. एकच."

पलीकडे एक लांब श्वास.

"बरं जयं, बाई. त्याले सांगा, एक हजार तेरा मी करस."

मागे कूलर कधीच भरला होता. नाना ओततच होते. पाणी फरशीवरून माझ्या चपलांपर्यंत आलं.