करवंटीखालचं बटण

१४ नोव्हेंबर. यंत्रात अडकलेला काथ्याचा भुसा काढायचा होता. पण शेजारचे दत्ताराम मेस्त्री आल्याशिवाय आम्ही आत हात घालत नाही. ते येतात, फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात, खिशाला पिन लावतात आणि म्हणतात, "आता घाला हात."

मिठबाव गावात नारळाच्या सोडणांपासून काथ्या काढायचा माझा छोटा कारखाना आहे. कामाला सहा बायका. यंत्राची स्विचपेटी, मोठ्या लाल बंद-बटणासकट, मेस्त्रींनीच बसवली. कुठेही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच: "बंद करूचा बटण खंय?" भाचीच्या लग्नात ते अक्षता घेऊन जनरेटरपाशी उभे होते. जत्रेत पाळणेवाल्याला चिकटून उभे राहिले. तो वैतागला, "काकानू, तिकीट काढा नायतर जावा!" यांनी तिकीट काढलं आणि तिथेच उभे राहिले.

कामावरची सुनंदा त्यांना बायकोवरून चिडवायची, "मेस्त्रीनू, बायलेक बटण होता काय ओ?"

"होता गो. माका लावलेला, आणि दाबी ती."

त्या दिवशी सफाई झाली, मेस्त्री घरी गेले. दुपारपर्यंत त्या मोठ्या लाल बटणाला चार वेळा कुणाची ना कुणाची पिशवी लागली आणि चार वेळा यंत्र थांबलं. माल संध्याकाळी जायचा होता. मी अर्धी करवंटी घेतली आणि बटणावर काथ्यानं घट्ट बांधली. मेस्त्रींना कळवलं नाही.

तीन वाजता सुनंदाचा पदर रोलरमध्ये गेला.

मी बटणावर हात मारला. हाताला करवंटी लागली. पुन्हा मारला. गाठ सुटेना. पदराबरोबर सुनंदा पुढे ओढली जात होती, तिचा तळवा यंत्राच्या कडेवर होता, आणि मी माझीच गाठ दातांनी तोडत होते. आवाज एकदम बंद झाला. किंकाळी ऐकून मेस्त्री आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून आले होते आणि त्यांनी दाराजवळचा मेन ओढला होता.

लुगडं फाटलं. हात वाचला.

त्यांनी करवंटीकडे पाहिलं. "कोणी बांधल्यान?"

"मी."

त्यांनी मेनचा फ्यूज काढून खिशात ठेवला आणि पिन लावायची विसरले. म्हणून मी त्यांना घरी पोचवायला गेले.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. त्यांच्या घरात आत मी प्रथमच जात होते. खाटेजवळ, न्हाणीत, चुलीपाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर लाल बटणं.

"इतकी खाली?"

"मी पडलंय तर हात पोचाक व्हयो. एकदा दाबला की परत फिरवीसर घंटी वाजत ऱ्हवतली."

वायर खिडकीतून बाहेर गेली होती. गडग्यावर, माझ्याच बाजूला, तिचं वेटोळं लोंबत होतं. त्याला पुढे काहीच नव्हतं.

"घंटी खंय?"

"ती दुसऱ्याच्या घरात व्हयी," मेस्त्री म्हणाले. "कोणाक सांगू? सगळ्यांका आपापली कामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी करवंटी काढून चुलीत घातली. मग ती वायर माझ्या स्वयंपाकघरात ओढून घेतली, घंटी आणली आणि मेस्त्रींकडून जोडून घेतली. ते घरी गेले. मी भाकरी थापायला बसले.

पाच मिनिटांत घंटी वाजली आणि वाजतच राहिली. पिठाच्या हातांनी, अनवाणी, गडगा ओलांडून मी धावले. खाटेपाशी मेस्त्री धडधाकट उभे होते.

"काय झालां?"

"काय नाय. येतास काय, ता बघूचा होता."

मी वाकून बटण फिरवलं आणि भाकरी करपायच्या आत परत आले.