खडा निघाला का?

मंगळवारी सकाळी साडेदहाला गायकवाडसाहेब गेले. अकराला त्यांच्या कॉम्प्युटरनं काम संपवून पाठवलं.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्या. मूळचे नांदेडकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरात आठ जुने कॉम्प्युटर, कायम चालू. काही सुलतान बाजारातून आणलेले, काही लोकांनी टाकून दिलेले. यांचं करता काय, असं कुणी विचारलं की साहेब खुर्ची ओढून बसवत.

"लग्नाचा तांदूळ कसा निवडतेत, बाई?" मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून बाई. "बेगम बाजारातून पोतं आणलं. एकटीनं निवडत बसली तर नवरी म्हातारी हुईल. मग गल्लीत घरोघरी एकेक ताट वाटायचं. सांजच्याला तांदूळ परत, खडे वेगळे. आकाशाचं बी तसंच. दुर्बीण पोत्यानं आवाज गोळा करती. ते तुकडे करून जगभर घरोघरी वाटतेत. आमच्या मशिनी निवडतेत."

"आणि खडा म्हणजे?"

"तारा. मेलेला. मेलाय, पण ठोके चालू हैत."

हे ते इतक्या सहज म्हणत की ऐकणारा आपल्याच छातीवर हात नेई.

त्यांचा एक नियम होता. एकच ताट दोन घरी तपासायचं, दोघांचं जुळलं तरच खरं. "इश्वास हाय, पण दुसऱ्या घरानं बी हौ म्हणलं पाहिजे." हा नियम ते सगळीकडे लावत. दुधाला, हवामानाच्या अंदाजाला, माझ्या शुद्धलेखनालाही.

भेटेल त्याला नमस्काराऐवजी विचारत, "खडा निघाला का?" तळमजल्यावर नवीन आलेल्या भाडेकरूला जिन्यात हेच विचारलं. तो बिचारा पोटावर हात ठेवून म्हणाला, "सोनोग्राफी केली. काही नाही निघालं."

"दुसऱ्या घरी बी दाखवा," साहेब म्हणाले आणि वर गेले.

मशिनींना नावं होती. टेबलावरची त्यांच्या स्वतःच्या नावाची, बाकीच्यांना नांदेडच्या वाटेवरच्या स्टेशनांची. उमरी सुस्त, बासर हुशार, मुदखेड सतत गरम होते. शिवाय एक कमल. कमल म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

"कमलनं आज तीन ताटं निवडली," असं ते जिन्यात सांगत तेव्हा माहीत असूनही माझ्या अंगावर काटा येई. वॉचमन यादगिरीला तर माहीतही नव्हतं. तो मला हळूच म्हणाला, "अम्मा, साब मेडमसे बातां करते. मेडम जवाब भी देते जी. मैं सुना." त्यानं काय ऐकलं ते मला ठाऊक होतं. जुन्या मशिनी काम करताना खर्र, खर्र असा आवाज करतात. ताटात कुणी तांदूळ पुढं सरकवावा, तसा.

तसली एक मशीन त्यांनी माझ्याकडंही ठेवली होती. "आमच्याकडं जागा नाही, बाई. राहू द्या. बंद मात्र नक्को." मी ती आतल्या खोलीत ठेवली, खिडकीजवळ. रोज संध्याकाळी ते दारातूनच विचारत, "खडा?" मी म्हणे, "नाही." एवढंच बोलणं.

शेवटच्या शनिवारी मला वाचताना तो आवाज सहन झाला नाही. मी मशीन बंद केली. मग तशीच राहू दिली.

सोमवारी ते आले. जिना चढून दम लागला होता. चेहरा मात्र मुलीचं लग्न ठरलेल्या बापासारखा. खड्याचं विचारलंच नाही.

"चालू हाय ना, बाई?"

"हो," मी म्हणाले.

"चालू ठेवा. दोन दिवस तरी ठेवा."

मी पुन्हा हो म्हणाले. त्यांना चहाला आत बोलावलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणून बोलावलं नाही.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा मिलिंद मला खाली घेऊन गेला. "काकू, हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाकू क्या? बघा तुमच्या कामाचं काही आहे का." टेबलावरच्या पडद्यावर कामांची यादी होती. वरच्याच ओळीत साहेबांचं नाव, मंगळवार, अकरा वाजता पूर्ण. त्यापुढं दुसऱ्या घराची वाट पाहणं चालू. दुसरं घर, कमल. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. नंतर ते ताट तिसऱ्याच कुणाकडं जाणार होतं.

"पप्पा चार साल याचीच वाट बघत होते," मिलिंद म्हणाला. "दोघांना एकच ताट यावं म्हणून. मम्मीचं वेगळं खातं काढलं होतं. मी म्हटलं, जगात लाखो मशिनी, कसं येईल? पण मम्मीची मशीन कुठंय? इथं तर दिसत नाही."

मी खोलीत नजर फिरवली. उमरी, बासर, मुदखेड. आठही होत्या, कमल नव्हती.

कमल दुपारची माझ्याकडं यायची. आतल्या खोलीत, खिडकीजवळ बसून तांदूळ निवडायची आणि बिल्डिंगची उणीदुणी काढायची. घरी एकटीला करमत नाही म्हणायची.

मी वर आले आणि मशीन चालू केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खर्र, खर्र सुरू झालं. मी पुस्तक उघडलं नाही. खिडकीजवळची जागा सोडून पलंगाच्या कडेला बसले आणि ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आवाज थांबला.

मिलिंदनं खालून फोन केला. "जुळलं, काकू."

"खडा निघाला का?"

"नाही. दोघांचं पण तेच. काही नाही."

सात मशिनी भंगारात गेल्या. साहेबांची मिलिंद घेऊन गेला. कमल माझ्याकडं आहे. चालू आहे.