मिक्सरची सोडत आणि नदीकाठचे पत्ते यांची हकीकत

श्री. नदीस आणि तिच्या काठी राहणाऱ्या समस्तांस दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत जे घडले ते पाहिले तैसे लिहितो. राज्याच्या धरणावर रेवतीबाई कारखानीस या पाणी-अंमलदार होत्या. धरणाचे दरवाजे उघडले की खाली नदी फुगे आणि उतारावरची गुरेमाणसे सापडत, म्हणून बाई रोज सकाळी ईमेल लिहून आज पाणी किती सुटणार ते कळवीत. परंतु घेणारे अवघे सदतीस, आणि त्यांतही निम्मे कचेरीचेच लोक. बाईंनी अर्ज केला की खालच्या तीन वाड्यांतल्या लोकांचे ईमेलचे पत्ते मिळवून द्यावे. तेव्हा हुजुरांनी प्रसिद्धीचे कारभारी मल्हारराव टिपणीस यांजला बोलाविले आणि दसऱ्याच्या आत दहा हजार पत्ते करावे ऐसी आज्ञा फर्माविली. मग मल्हाररावांनी सोशल मीडियावर राज्याचे पान उघडिले, आणि बाईंस नदीकाठी उभे करून रील काढिली. बाईंनी दरवाजे, विसर्ग, धोक्याची खूण, सर्व नीट समजाविले. ती रील एकोणीस जणांनी पाहिली. दुसरे दिवशी पुन्हा काढू गेले तो बाईंचा पाय चिखलात रुतला आणि बाई जागच्या जागी बसल्या. मल्हाररावांनी तेवढेच कापून पानावर लाविले आणि ते तीन लाख लोकांनी पाहिले. खाली पत्ता देण्याची लिंक होती, ती कोणी दाबिली नाही. साडी कोठून घेतली ते मात्र पुष्कळांनी विचारिले. हुजूर बहुत संतोष पावले, आणि बाईंनी आणखी एकवार चिखलात बसावे ऐसा निरोप आला. बाई धरणावर आपल्या कामास निघून गेल्या. मग मल्हाररावांनी नवी मसलत केली, की जो पत्ता देईल त्याचे नाव मिक्सरच्या सोडतीत घालावे. आठ दिवसांत अकरा हजार पत्ते आले आणि दरबारी पेढे वाटिले. बाईंनी यादी उघडून पाहिली तो एकेकाने वीस वीस पत्ते दिलेले, निम्मी पत्रे परत आलेली, उरलेल्यांत कोणी समुद्रापलीकडचा, आणि रोजच्या पत्रास जबाब एकच, मिक्सर कधी मिळणार. तेव्हा बाई कचेरीत गेल्या आणि बोलिल्या, "मल्हारराव, यांतला एक तरी माणूस नदीकाठी राहतो का, एवढे मला सांगा."

मल्हारराव म्हणाले, "बाई, आकडा हुजुरांस गेला. आता नदी कशाला मध्ये आणता?"

बाई परतल्या, आणि रोज दुपारी त्या चिखलाच्या रीलखाली लोकांनी लिहिलेले एकेक वाचीत बसल्या. थट्टा सोसली. त्यांत धोंडिबा गलांडे, म्हशी पाळणारे, यांनी लिहिले होते, की बाई पडल्या तो उतार आमचाच, उद्या म्हशी न्याव्या का. बाईंनी लिहिले, "नेऊ नका, पाणी सुटेल. ईमेल द्या, रोज कळवीन." धोंडिबांनी सुनेचा दिला, आणि सुनेने तिन्ही वाड्यांतल्या बायकांचे मिळविले, आणि ऐसे करीत एकशे चौसष्ट जाहले. मग बाईंनी सोडतीची यादी पुसून टाकिली. हुजूर क्रोधायमान जाहले आणि बाईंस भाद्रपद वद्य तृतीयेस जबाब देण्यास बोलाविले. त्याच सकाळी धरण भरले आणि सगळे दरवाजे उघडावे लागले. बाई दरबारी गेल्या नाहीत. एकशे चौसष्टांस पत्र लिहिले, आणि त्यांनी ते दारोदार वाचून दाखविले, आणि दुपारपर्यंत तिन्ही वाड्या टेकडीवर गेल्या. घरांत छातीभर पाणी चढले. धोंडिबांच्या दोन म्हशी गेल्या, त्याचे बाईंस बहुत वाईट वाटिले. माणूस एकही गेले नाही. आठवे दिवशी हुजुरांचे पत्र आले. बाईंस वाटिले, दोन शब्द बरे असतील. आत लिहिले होते, "यादी अकरा हजारांवरून एकशे चौसष्टावर कां आली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा." बाईंनी खुलासा लिहिला नाही. यादीच पाठविली, आणि प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहिला, "जिवंत".

येणेप्रमाणे पत्त्यांचे प्रकरण जाहले. मल्हाररावांस बढती मिळाली. बाईंचा कागद, खुलासा अपुरा, ऐसा शेरा होऊन परत आला आहे.