एका हँडलची गाडी

“धाकटी विकायचीच नाही!” आकडेशास्त्री म्हणाला आणि बैठकीतल्या सगळ्यांचे कप हवेतच थांबले.

कंपनीच्या छोट्या गाड्यांच्या किमती तोच ठरवायचा, म्हणून हे नाव. नवी गाडी तीन प्रकारांत येणार होती: धाकटी, मधली आणि थोरली.

“जाहिरातीत धाकटीची किंमत छापायची. चार लाखांना एक कमी! ती वाचून माणूस धावत येणार. धाकटी बघून त्याचं तोंड कडू होणार. शेजारीच मधली उभी! पाऊण लाखाने महाग, पण नटलेली. तो मधली घेऊन जाणार आणि नफा सगळा मधलीत!”

“आणि कुणी धाकटीच मागितली तर?” मोठ्या बाईंनी विचारलं. कंपनी त्यांची होती, म्हणून शंकाही त्यांनाच.

“सख्खा वैरीसुद्धा मागणार नाही, अशी करतो तिला!”

पहिल्या आठवड्यात पन्नास मधल्या खपल्या तर त्याला वापरायला थोरली मिळेल, असं ठरलं. त्याने घरी जाऊन बायकोला रंग निवडायला सांगितला आणि जुनी स्कूटर त्याच संध्याकाळी विकून टाकली!

धाकटीची ठळक वैशिष्ट्ये*

रेडिओ नाही. मागचा वायपर नाही. डावा आरसा नाही. चार खिडक्यांना मिळून काच खाली करायचं हँडल एकच. ज्याला वारा हवा, त्याने ते काढून आपल्या दाराला बसवायचं.

*महिनाअखेरपर्यंत किंमत बदलणार नाही. मागेल त्याला मिळेल.*

ही बारीक अक्षरंही त्याचीच. उदारपणा दाखवायला काय जातं? मागणार कोण!

सोमवार: मागणारा

दार उघडताच पहिलं गिऱ्हाईक आत आलं. आकडेशास्त्र्याचे सासरे! आयुष्यभर कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर तपासायला जावई तेवढा उरला होता.

“जावईबापू, ती स्वस्तातली दाखवा.”

“बाबा, मधली बघा ना. हिच्यात रेडिओसुद्धा नाही.”

“शेजारी तुमच्या सासूबाई बसणार. रेडिओ कशाला?”

“डावा आरसा नाही!”

“डावीकडे त्याच असतात. मागून मुंगी आली तरी सांगतात.”

“अहो, हँडल एकच आहे!”

सासऱ्यांनी हँडल काढलं, दुसऱ्या दाराला बसवलं, पुन्हा काढलं आणि खिशात टाकून पाहिलं. चेहरा असा उजळला, जणू बढती मिळाली!

“म्हणजे खिडकी कुणी उघडायची, हे मी ठरवणार? चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच!”

आकडेशास्त्र्याला घाम फुटला. तो कानाशी लागला. “बाबा, घरचे म्हणून सांगतो. ही नुसती दाखवायला ठेवलीय. हिच्यात कंपनीला तोटा होतो.”

झालं! जगात हे वाक्य ज्याला सांगू नये असा एकच माणूस होता, आणि तो समोर उभा होता. सासऱ्यांनी चष्मा चढवला, माहितीपत्रक उलटलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“मागेल त्याला मिळेल. मी मागतोय.”

मंगळवार: मागणारे

सासऱ्यांबरोबर रोज सकाळी बागेत सतरा निवृत्त मंडळी फिरत. साडेदहाला सतराही शोरूममध्ये हजर!

“मधली बघा ना काका,” विक्रेती काकुळतीने म्हणाली.

“तिच्यात तुमचा फायदा आहे. आम्हाला तुमचं नुकसान असलेली द्या! जावईबापूंनीच सांगितलंय.”

काल तो एकाचा जावई होता. दुपारपर्यंत अठरा जणांचा झाला!

बुधवारी त्याने धाकटी मागच्या शेडमध्ये लपवली. लपवतात म्हणजे माल भारी असणार, असं म्हणत रांग दुप्पट झाली.

शुक्रवार: हिशेब

मधल्या खपल्या दोन. धाकट्या दोनशे बारा.

“सख्खा वैरीसुद्धा मागणार नाही म्हणाला होतात,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“वैऱ्याने नाहीच मागितली, बाई. सासऱ्यांनी मागितली.”

“थोरली विसरा. हा तोटा कसा भरून काढायचा ते सांगा, नाहीतर खुर्चीही विसरा!”

खुर्ची म्हटल्यावर डोकं चाललं. दोनशे बारा घरांत हँडल नवऱ्याच्या खिशात आहे. म्हणजे दोनशे बारा बायका घामाघूम!

“बाई, दुसरं हँडल वेगळं विकू. पाच हजारांना एक कमी!”

शनिवारी दुपारपर्यंत दीडशे हँडलं खपली. खुर्ची वाचली.

रविवार: वारा

स्कूटर गेलेली, थोरली आलेली नाही. म्हणून आकडेशास्त्री बायकोसह सासऱ्यांच्या धाकटीत मागे बसला होता. ऊन रणरणत होतं. पुढे दोन्ही खिडक्या उघड्या, कारण सासूबाईंनी कालच आपलं हँडल विकत घेतलं होतं. मागे भट्टी!

“बाबा, हँडल द्या की जरा.”

“ज्याला हवं त्याने वेगळं घ्यावं. भाव जरा चढा आहे, पण ठरवणारा माणूस फार हुशार आहे म्हणतात!”

बायकोने थोरलीच्या रंगांचा कागद पर्समधून काढला आणि त्याच कागदाने ती वारा घेऊ लागली.

सोमवारी सकाळी तो हँडलच्या रांगेत उभा राहिला. विक्रीच्या खिडकीवर पाटी होती:

*कंपनीच्या माणसांना सवलत नाही.*

ही बारीक अक्षरंही त्याचीच!